रक्तातली तारीख

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कुपवाडच्या बियाणे तपासणी केंद्रात कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी झाली आणि चार दिवसांनी त्रिशला मगदूमला मिरजेहून डॉक्टर शबनम मुजावर यांचा फोन आला. रिपोर्ट नुसता पाठवून न देता डॉक्टरांनी स्वतः फोन केला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे तिच्या लक्षात आलं. यकृताचा आकडा, एसजीपीटी, सहाशे बारा आला होता. चाळिसाच्या आसपास असायला हवा होता.

त्रिशला चव्वेचाळीस वर्षांची. सोळा वर्षं ती त्या केंद्रात होती आणि गेली पाच वर्षं तिच्या सहीशिवाय तिथून एकही प्रमाणपत्र बाहेर पडत नव्हतं. सोयाबीन असो की शाळू ज्वारी, चारशे बिया मोजून ओल्या कागदात गुंडाळायच्या, ठरल्या दिवशी कागद उलगडून मोड आलेल्या मोजायच्या आणि जेवढ्या भरल्या तेवढ्याच लिहायच्या. बियाणं कुणाचं आहे, कुणाचा फोन आलाय, हे ती बघत नसे. गेले पंधरा दिवस तिला अन्न नकोसं झालं होतं, जिना चढताना पाय भरून येत होते. तिने ते वयावर ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं. यकृताची पेशी मेली की तिच्यातलं द्रव्य रक्तात सांडतं, एसजीपीटी म्हणजे त्या सांडलेल्याचं माप. पेशी कशाने मरताहेत ते त्यावरून कळत नाही. म्हणून त्यांनी उरलेल्या रक्तावर पुढच्या चाचण्या करून घेतल्या होत्या, आणि त्यात हिपॅटायटिस बी निघाला होता. हा विषाणू रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो, बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. एका ताटात जेवल्याने किंवा जवळ बसल्याने जात नाही. त्रिशलाच्या पिढीतल्या बहुतेकांना जन्मतः त्याची लस मिळालेली नव्हती. तिची मुलगी ऋजुता, एकोणीस वर्षांची, नाशिकला शिकणारी, तिला मात्र सगळे डोस मिळालेले होते, तेव्हा तिची काळजी नव्हती. त्रिशलाचीही फारशी नव्हती. मोठ्या माणसाचं शरीर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा सहा महिन्यांच्या आत हा विषाणू आपणहून काढून टाकतं.

"पण तो आला कुठून, ते बघायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. तिच्या गरोदरपणातली चाचणी स्वच्छ होती. त्यानंतर ऑपरेशन नाही, रक्त चढवलेलं नाही, गोंदवून घेतलेलं नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिस्टरांचं रक्त कधी तपासलंय?"

तपासलं नव्हतं. बाईचं निदान गरोदरपणात तरी तपासलं जातं. पुरुषाला तशी वेळच येत नाही.

अभिनंदन मगदूम शीतगृहांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा. तासगावपासून जतपर्यंत बेदाण्याची जेवढी शीतगृहं होती, त्यांतल्या निम्म्यांत त्याचं जाणं-येणं होतं आणि महिन्यातले दहा-बारा दिवस तो बाहेरच असे. सत्तेचाळीस वर्षांचा, अबोल, हाताला कायम तेलाचा वास. सव्वा वर्षापूर्वी त्याला संधिवाताने गाठलं होतं. सांधे सुजायचे, त्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शनं चालू होती. त्रिशलाने त्याला घरी येऊन जे कळलं ते सगळं सांगितलं. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन रक्त देऊन आला. त्याच्याही रक्तात तोच विषाणू निघाला, आणि तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त.

नवरा-बायको दोघांच्याही रक्तात एकच विषाणू, मग तो आधी कुणाला झाला? जुन्या चाचण्यांवरून एवढंच कळे की त्रिशलाचा संसर्ग ताजा आहे. अभिनंदनचा नवा की जुना, त्याचा निर्वाळा त्यातून मिळेना. डॉक्टरांना काहीतरी अंदाज होता, पण अंदाजावर मी बोलणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. बोलायची गरजही नव्हती. चार वर्षांपासून कालवेध होता.

कालवेध म्हणजे काय ते तोवर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झालं होतं. त्रिशलाला ते तिच्या आजोबांमुळे अधिक चांगलं समजलं होतं. नांद्र्याच्या बस्तीत, जैन मंदिरात, तिचे आजोबा हस्तलिखित पोथ्यांची यादी करत. एका पोथीवरून दुसरी उतरवताना लेखनिकाच्या हातून काना-मात्रा सुटते. त्या पोथीवरून तिसरी उतरवली की आधीची चूक तशीच येते आणि वर नवी भर पडते. दहा पोथ्या समोर ठेवल्या तर कुठली कुठलीवरून उतरली हे केवळ चुका बघून सांगता येतं, असं आजोबा म्हणत. विषाणूचंही तेच. तो स्वतःच्या कोट्यवधी नकला काढतो आणि हा विषाणू तर नक्कल करण्यात मुलखाचा गबाळा. दर महिन्याला ठरावीक गतीने चुका साठत जातात. शिवाय यकृताच्या पेशींच्या गाभ्यात तो आपली जुनी प्रत जपून ठेवतो आणि पेशी मेली की त्या जुन्या प्रतीचे तुकडेही रक्तात येतात. पूर्वी ते इतके थोडे असत की वाचता येत नसत. कालवेधचं यंत्र ते लाखांनी वाचतं, जुनी प्रत आणि नवी प्रत यांच्यात किती चुकांचं अंतर पडलंय ते मोजतं आणि संसर्ग कधी झाला ते सांगतं. ताजा असेल तर आठ-दहा दिवस इकडे किंवा तिकडे. दोन माणसांचं रक्त एकत्र दिलं तर कुणाचा विषाणू कुणाच्यावरून उतरला, तेही सांगतं.

यंत्र आलं ते साथ रोखण्यासाठी, आणि त्यापाठोपाठ साखळी कायदा आला. ज्याच्या रक्तात विषाणू सापडेल त्याचा नमुना आपोआप कालवेधला जायचा. त्याने गेल्या दोन वर्षांतल्या शरीरसंबंधांची नावं साखळी कक्षाला द्यायची, कक्ष त्या माणसांना नोटीस पाठवणार, आणि रिपोर्टमधली तारीख नवरा-बायको दोघांनाही बघायचा हक्क. कागदावर सगळं शहाणपणाचं होतं. पण ज्या चाचणीने आजार कळायचा तीच आता साक्ष देऊ लागली, आणि माणसं तिला टाळू लागली. रक्तदान शिबिरं ओस पडली. त्रिशलाच्याच केंद्रातल्या एका मुलीने त्या वर्षी तपासणीच्या दिवशी रजा टाकली होती, आणि का टाकली हे कुणी विचारलं नव्हतं.

रिपोर्टला नऊ दिवस लागायचे. त्या नऊ दिवसांत विश्रामबागेतल्या त्यांच्या घरात दोघं एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे वागत होती. त्रिशला मनातल्या मनात पाढे म्हणावेत तसे महिने मोजत होती. आपल्या बाजूने काही नाही, हे तिला माहीत होतं. मग उरलं काय?

सातव्या दिवशी रविवार होता. सकाळी अभिनंदन स्वयंपाकघरात पाण्याचा फिल्टर उघडून बसला होता. त्रिशला भाजी निवडत होती. तो जागचा न हलता म्हणाला, "रिपोर्ट यायच्या आत माझ्याकडून ऐक."

ढालगावच्या शीतगृहात प्रणाली शेंडगे नावाची बाई बेदाण्याची प्रतवारी बघायची. तेहेतीस वर्षांची, नवरा प्राथमिक शाळेत शिक्षक, लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नाही. गेल्या वर्षी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चार महिने ते चाललं होतं. मग तिनेच थांबवलं. तिने नोकरी सोडली, आणि आता तिला दिवस गेलेत, असं याने शीतगृहातल्या माणसांकडून ऐकलं होतं. थांबल्यानंतर पाच महिन्यांनी गेलेत, हे त्याने न विचारता सांगितलं. तिच्याकडूनच हा आजार आला असणार आणि आपण तो घरी आणला, असं त्याचं म्हणणं होतं.

त्रिशलाच्या डोक्यात फक्त महिने जुळत होते. त्या हिवाळ्यापासून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता. सांधे दुखतात, कूस बदलताना तुझी झोप मोडते, म्हणाला होता. तिने त्याला मऊ गादी करून घेतली होती. जवळजवळ वर्षभर ते तसंच चाललं. मग दिवाळी झाली, ऋजुता नाशिकला परत गेली, घर एकदम रिकामं वाटायला लागलं, आणि त्या आठवड्यात एका दुपारी तो तिच्यापाशी आला होता. खूप दिवसांनी ती दोघं तेव्हा हसली होती.

भाजी निवडून झाल्यावर तिने हात धुतले आणि ती केंद्राची किल्ली घेऊन, रविवार असूनही, कामावर गेली.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर मुजावरांनी दोघांना एकत्र बोलावलं. त्रिशलाचा संसर्ग नोव्हेंबरच्या चौदा ते सव्वीस तारखेच्या दरम्यानचा होता. म्हणजे दिवाळीनंतरचा तोच आठवडा. तिच्या विषाणूची प्रत अभिनंदनच्या प्रतीवरून उतरलेली होती, त्यात शंकेला जागा नव्हती. डॉक्टरांनी मग अभिनंदनचा कागद उलटला. त्याचा संसर्ग सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा होता. तो जन्मला तेव्हाचा.

त्याच्या आईकडून तो आला होता. आई बारा वर्षांपूर्वी पोटात पाणी होऊन गेली होती. आयुष्यात कधी दारूच्या वाटेला न गेलेल्या बाईचं यकृत असं कसं गेलं, याचं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. जन्मतः शिरलेला विषाणू शरीर परकं मानत नाही, त्याला तसाच राहू देतं. तो अभिनंदनच्या यकृतात इतकी वर्षं जवळजवळ झोपून होता, इतका कमी की वीस वर्षांच्या संसारात त्रिशलाला लागला नाही. संधिवातासाठी स्टिरॉइड सुरू झालं, शरीराचा पहारा ढिला पडला आणि तो उसळला. आता त्याला रोज एक गोळी लागेल, बहुतेक कायमची. पण बरं वाटेल, डॉक्टर म्हणाल्या. यात तुमचा काही दोष नाही.

मग त्यांनी साखळी कक्षाचा फॉर्म पुढे केला. गेल्या सव्वा वर्षात त्याच्या रक्तातलं विषाणूचं प्रमाण फार मोठं होतं. या काळात आणखी कुणाशी संबंध आला असेल तर नाव द्यायला हवं, त्या माणसाला वेळेत औषध मिळेल. "आणि बाई गरोदर असेल तर जास्तच," त्या म्हणाल्या. "सातव्या महिन्यापासून गोळी सुरू केली आणि जन्मल्याबरोबर बाळाला दोन इंजेक्शनं दिली तर बाळ जवळपास नक्की वाचतं. नाही दिली, तर ते तुमच्यासारखं जन्मभर घेऊन फिरणार."

अभिनंदन म्हणाला, बायकोशिवाय कुणी नाही.

डॉक्टरांनी त्रिशलाकडे बघितलं. फॉर्मवर जोडीदाराची सही लागत होती, वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे म्हणून. त्रिशलाने सही केली. का केली, हे तिला पुढे कित्येक दिवस स्वतःलाही सांगता आलं नाही. त्या खोलीत ते नाव उच्चारायचं तिच्या जिवावर आलं, एवढंच खरं.

परत येताना सांगली-मिरज रस्त्यावर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा अभिनंदन समोर बघत, जणू स्वतःशीच, म्हणाला, "म्हणजे मी उगाच सांगितलं."

तो सुटकेने बोलला होता की पश्चात्तापाने, हे तिला कळलं नाही. पण ढालगावच्या बाईने जेवढं दुखावलं नव्हतं तेवढं या चार शब्दांनी दुखावलं. त्याने जे सांगितलं ते सांगायचं म्हणून सांगितलंच नव्हतं. यंत्र सांगणार म्हणून सांगितलं होतं.

दोन दिवस तिने काम केलं. तिसऱ्या दिवशी एका नमुन्यातल्या चारशेपैकी मोड आलेल्या बिया मोजताना तिचा आकडा तीनदा चुकला. असं कधी झालं नव्हतं. एका गरोदर बाईच्या रक्तात हा विषाणू असेल, हे जगात दोनच माणसांना माहीत आहे आणि त्यातली एक आपण आहोत, हे तिच्या डोक्यातून जाईना. तिने अभिनंदनला सांगितलं की त्याने तरी फोन करावा. तो म्हणाला, "तिचा संसार मोडेल, त्रिशला. तिची तपासणी झाली की तारीख येणार. ती तारीख तिच्या नवऱ्यासमोर जाणार."

"आणि मूल?"

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला.

तिने डॉक्टर मुजावरांना नाव न घेता विचारून बघितलं, की नुसतं हो की नाही एवढंच सांगणारी जुनी चाचणी कुठे करून मिळेल का. डॉक्टर म्हणाल्या, चाचणी मिळेल, पण 'हो' निघालं की नमुना कालवेधला पाठवावाच लागतो, न पाठवणाऱ्या डॉक्टरचा परवाना जातो. कोण विचारतंय, असं त्यांनी विचारलं नाही. पण त्यांच्या नजरेतून काही सुटलं नसावं.

आणखी एक गोष्ट त्रिशलाला स्पष्ट दिसत होती. प्रणालीचा नमुना गेला की तिचा विषाणू अभिनंदनच्या प्रतीशी जुळणार, मग त्याचा फॉर्म खोटा ठरणार आणि त्यावरची तिची सहीही. जिच्या सहीवर चार जिल्ह्यांतलं बियाणं विकलं जातं तिची सही.

शनिवारी ती जतच्या एसटीने ढालगावला उतरली. मार्चचं ऊन, शाळूची काढणी संपत आलेली, रस्त्याच्या कडेला कडब्याच्या गंजी. शेंडग्यांचं घर गावाबाहेर मळ्यात होतं. दारात सासू मेंढीच्या कोकराला दूध पाजत होती. त्रिशलाने आपण बियाणे केंद्रातून आलोय, शाळूच्या बियाण्याबद्दल विचारायचंय, असं सांगितलं. सासूने पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली आणि सुनेला रान दाखवायला सांगितलं.

प्रणाली उंच, सावळी, सातव्या महिन्याची. बांधावर पोचेपर्यंत तिने पाच-सहा वेळा बियाण्याच्या वाणाचं काहीतरी विचारलं. मग विहिरीपाशी त्रिशला थांबली आणि तिने आपलं आडनाव सांगितलं.

प्रणालीने पदर पोटावर ओढून घेतला. "घरी सांगायला आलाय का?"

"नाही."

त्रिशलाने तिला सगळं ओळीने सांगितलं. तिचा एसजीपीटी, अभिनंदनचा रिपोर्ट, त्याची आई, स्टिरॉइड, सातव्या महिन्यातली गोळी, बाळाची दोन इंजेक्शनं. शक्यता किती, तेही सांगितलं. बहुतेक मोठ्या माणसांचं शरीर हा विषाणू काढून टाकतं, तेव्हा तुझ्या अंगात आता काहीच नसेल, असंही होऊ शकतं. पण तपासल्याशिवाय कळणार नाही.

प्रणाली विहिरीच्या कठड्याला टेकली. अंगणवाडीच्या बाईने तिला रक्ततपासणीसाठी तीनदा बोलावलं होतं आणि ती तिन्ही वेळा माहेरी निघून गेली होती. वस्तीवरच्या एका सुनेला तारखेपायी घरातून काढलेलं तिने बघितलं होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिचा नवरा प्रशिक्षणाला कोल्हापूरला होता, सहा आठवडे. तारीख त्यातली निघाली तर हिशोब करायला शिक्षक असण्याचीही गरज नव्हती.

"दुसरी चाचणी नाही का? बिनतारखेची?"

"मी विचारून आले. नाही."

"आणि नाहीच केली तर?"

"तर तुझं तुला कळणार नाही. बाळाचं वीस-तीस वर्षांनी कळेल. माझ्या सासूबाईंचं मेल्यावर बारा वर्षांनी कळलं."

प्रणाली रानाकडे वळली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला आलात? माझं बरं व्हावं असं तुम्हाला का वाटावं?"

"वाटत नव्हतं," त्रिशला म्हणाली. "वाटेत कवठेमहांकाळला उतरून परत जावं, असंही मनात आलं. पण मला माहीत आहे. माहीत असून गप्प बसणं मी एकदा करून बघितलं, मला ते जमलं नाही."

घराकडून सासूची हाक आली, चहा झाला म्हणून. प्रणाली सावरून उभी राहिली. दोन पावलं चालून थांबली आणि म्हणाली, "रिपोर्टला नऊ दिवस लागतात ना? मग त्यांना मीच सांगेन. कागदाने सांगायच्या आत."

दोघी घरी येऊन चहा प्याल्या. सासूने त्रिशलाला निघताना पिशवीभर शाळू बांधून दिला.

मंगळवारी प्रणाली मिरजेला एकटी आली. रक्तात विषाणू होता, शंभरातल्या त्या पाचांत ती निघाली होती आणि प्रमाणही मोठं होतं. डॉक्टर मुजावरांनी त्याच दिवशी गोळी सुरू केली आणि त्याच दिवशी, कायद्याप्रमाणे, नमुना पाठवला. आठव्या दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं. बिरुदेव शेंडगे ओरडला नाही, हात उगारला नाही. त्याने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, तिचे कपडे आणि औषधं बॅगेत नीट भरली, तिला गाडीने सांगोल्याला तिच्या माहेरी सोडलं आणि दारातूनच परत फिरला.

एप्रिलमध्ये साखळी कक्षाने मगदूम पती-पत्नीला बोलावलं. तिथला अधिकारी तरुण होता, सौम्य बोलणारा. खोटं निवेदन कुणाच्या दबावाखाली केलं का, असं त्याने त्रिशलाला विचारलं. हो म्हणाली असती तर ती सुटली असती, हे त्याने जवळजवळ सुचवलंच. अभिनंदननेही तिच्याकडे बघून मान हलवली, की म्हण. तिने सांगितलं, "मी खोटं आहे हे माहीत असताना सही केली. दबाव नव्हता." तिच्या खात्याला पत्र गेलं आणि एक वर्षासाठी तिचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला. पूर्वीसारखीच ती बिया मोजत राहिली, आणि तिच्या आकड्याखाली तिच्याहून बारा वर्षांनी लहान असलेला सहकारी सही करत राहिला. केंद्रात कुणी काही विचारलं नाही. तेच जास्त जड जायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरजेला प्रणालीला मुलगी झाली. जन्मल्यापासून तासाभरात तिला दोन्ही इंजेक्शनं मिळाली. ऑगस्टमध्ये त्रिशलाची सहा महिन्यांची तपासणी झाली आणि विषाणू तिच्या शरीरातून गेला होता. रक्तात आता त्याच्याशी लढल्याची खूण तेवढी राहील, डॉक्टर म्हणाल्या, तारीख कुणाला वाचता येणार नाही. त्रिशलाला वाटलं होतं की हे ऐकून हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नोव्हेंबरची ती दुपार यंत्राच्या हाती नव्हती आता, पण तिच्याकडे होतीच, आणि ती आठवली की त्या हसण्याशेजारी रिपोर्टमधली ती तारीख येऊन बसायची.

घर चालू होतं. अभिनंदन रोज सकाळी गोळी घ्यायचा. त्याने ढालगावचं काम सोडलं, लांबचे दौरे सोडले. ऋजुताला दोघांनी मिळून आजाराचं सांगितलं, बाकीचं अभिनंदनने एकट्याने सांगितलं. ती दोन महिने त्याच्याशी बोलली नाही, मग परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने आपणहून फोन केला. त्रिशला त्याच्याशी बोलायची, घरात काय आणायचं, कुणाचं लग्न आहे, त्याच आईच्या पोटच्या मोठ्या नणंदेची तपासणी झाली का. एवढंच. सोडून जायचा विचार तिने केला होता, राहायचाही केला होता, आणि दोन्हींपैकी एकही पुरा झाला नव्हता.

पुढच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी डॉक्टर मुजावरांचा फोन आला. बाळाचा रिपोर्ट आला होता. प्रणालीने मुद्दाम निरोप द्यायला सांगितला होता. बाळ स्वच्छ होतं, लसही लागू पडली होती. बिरुदेव प्रत्येक डोसच्या दिवशी सांगोल्याहून मायलेकींना घेऊन यायचा, मुलीला स्वतः मांडीवर धरायचा आणि बायकोशी एक अक्षर बोलायचा नाही. आज रिपोर्ट वाचून त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. शाळेला सुट्टी लागू दे, मग बघू, असं बायकोला म्हणाला. डॉक्टरांच्या देखत ते त्याचं पहिलंच वाक्य होतं.

त्रिशलाने फोन ठेवला. अभिनंदन बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. तिने त्याला सांगितलं, बाळाला काही नाही. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. ती त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, पलंगाच्या कडेला बसली. तो शांत होईपर्यंत थांबली. मग वर्षभर जे विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"त्या रविवारी तुला माहीत असतं, की रिपोर्टमध्ये तुझं काही निघणार नाही. तर सांगितलं असतंस?"

अभिनंदनने डोळे पुसले. तिला बरं वाटेल असं काहीतरी त्याच्या तोंडाशी आलं असावं, कारण त्याचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले.

"नाही," तो म्हणाला. "नसतं सांगितलं."

इतक्या महिन्यांत त्याने पुष्कळ माफी मागितली होती, शपथा घेतल्या होत्या. त्यातलं किती खरं धरायचं, ते तिला ठरवता येत नव्हतं. हा एक शब्द तिने तपासल्याशिवाय खरा मानला. तो शब्द तिला लागला, तरी ती उठून आत गेली नाही. बाहेर अंधारायला लागलं तरी दोघं तिथेच, दिवा न लावता, बसून होती.